मेडिकलमध्ये ‘फिट’, पण कुणासाठी?

गल्फला निघालेल्या माणसाला एजंट पहिला प्रश्न विचारतो, “मेडिकल झालं का?” तब्येत कशी आहे, असं कुणी विचारत नाही. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, वजन-उंची; काही तासांत सगळं उरकतं आणि मग मोबाईलवर एकच शब्द दिसतो, फिट किंवा अनफिट. घरावरचं कर्ज, गहाण टाकलेले दागिने, पोरांची फी, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं असतं.

तोच माणूस चार-पाच वर्षांनी सुट्टीवर गावी येतो. स्टँडसमोर लॅबचा भलामोठा बोर्ड दिसतो, ‘फुल बॉडी चेकअप, ७२ टेस्ट, घरी येऊन रक्त घेऊ’. घरचे म्हणतात, “एवढी वर्षं उन्हात राबलात, एकदा सगळं तपासून घ्या.” पैसे भरले जातात, आठ पानांचा रिपोर्ट येतो, त्यात तीन-चार आकडे लाल शाईत. उरलेली सुट्टी त्या लाल आकड्यांच्या मागे धावण्यात जाते.

या दोन्ही तपासण्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याला काही होत नाही, जो आपल्या पायांनी चालत आला, त्याची ही तपासणी आहे. दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जाणं वेगळं आणि काही दुखत नसताना आजार शोधायला जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. त्याचे फायदे आहेत आणि तोटेही आहेत. पण आपल्यासारख्या परदेशात राबणाऱ्या माणसासाठी त्यात आणखी एक प्रश्न मिसळलेला असतो, तो म्हणजे ही तपासणी नेमकी कुणाच्या भल्यासाठी चालली आहे?

आमचं म्हणणं सरळ आहे. निकाल आल्यावर तुम्हाला उपचार मिळणार असतील, तर ती तपासणी तुमची. निकाल आल्यावर फक्त तिकीट मिळणार असेल, तर ती तपासणी दुसऱ्या कुणाची तरी आहे. आणि निकाल आल्यावर काहीच करण्यासारखं नसेल, तर ती तपासणी लॅबच्या गल्ल्यासाठी आहे.

‘फिट’ म्हणजे निरोगी नव्हे

गल्फच्या सहाही देशांसाठी जी तपासणी होते, तिला जुने लोक अजून ‘गामका’ म्हणतात, आता तिचं नाव ‘वाफिद’ आहे. त्यात मुख्यतः संसर्गाचे आजार शोधतात: टीबी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया. त्याशिवाय किडनी, लिव्हर, हृदय निकामी होत असेल, कॅन्सर असेल, बीपी किंवा साखर आवाक्याबाहेर असेल, तरी माणूस अनफिट ठरतो. बाई गरोदर असेल तर तिलाही थांबवलं जातं.

यात त्या देशाचं म्हणणं काय आहे, तेही समजून घेऊ. लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात, एकच बाथरूम, एसी चालू म्हणून खिडक्या बंद. त्यात एकाला खोकल्यातून पसरणारा टीबी असेल तर बाकीच्यांनाही धोका आहेच. वेळेवर सापडला तर खोलीतले सगळे वाचतात. हा फायदा खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही.

पण ही तपासणी तुम्हाला काय सांगत नाही, तेही लक्षात घ्या. तिथे पोचल्यावर, पुढे व्हिसा वाढवताना, पुन्हा तपासणी होते. यूएईमध्ये त्या वेळी भर असतो रक्तातल्या एचआयव्हीवर आणि छातीच्या एक्स-रेवर. तुमचं बीपी वाढलंय का, साखर चढलीय का, किडनी दमलीय का, याचा शोध त्यात नसतो. म्हणजे लागोपाठ तीन वेळा ‘फिट’ आलेला माणूस आतून बीपीने पोखरलेला असू शकतो. त्याला वाटतं, “मेडिकल झालंय की, मला काय धाड भरलीय?” त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की सरकारने ज्या आजारांची यादी केली, ते त्या दिवशी सापडले नाहीत.

‘अनफिट’ म्हणजे आजारी असेलच असं नाही

आता उलट बाजू. काही लक्षण नसलेल्या हजारो माणसांची तपासणी केली की काही निकाल खोटे येणारच. मशीन बिघडलं किंवा लॅबवाल्याने लबाडी केली म्हणूनच असं होतं असं नाही, हा हिशेबच तसा आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. धरून चला, दहा हजार कामगार तपासले. त्यांच्यातल्या दहा जणांना खरोखर एक आजार आहे. चाचणी चांगली आहे, ती दहाच्या दहा पकडते. पण निरोगी शंभर माणसांमागे दोघांना ती चुकून ‘आजारी’ म्हणते. मग उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद निरोगी माणसांपैकी जवळपास दोनशे जण चुकून पकडले जातील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आले दोनशे दहा, त्यात खरे आजारी दहा. वीस निरोगी माणसांमागे एक आजारी! म्हणूनच पहिल्या पॉझिटिव्हवर थांबायचं नसतं, त्यानंतर खात्रीची वेगळी चाचणी करायची असते. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. पण ‘अनफिट’ एवढा एकच शब्द बघून फाईल बंद करणाऱ्या एजंटला त्याच्याशी घेणं-देणं नसतं.

सगळ्यात जास्त रडवतो तो छातीच्या एक्स-रेवरचा डाग. लहानपणी टीबी झाला, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पूर्ण बरा झाला, तरी फुप्फुसावर जखमेचा वण राहू शकतो. कधी जुन्या न्यूमोनियाचाही राहतो. नुसता एक्स-रे बघून हा वण जुना आहे की आत टीबी अजून जिवंत आहे, हे नेहमी खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी लागते. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट नावाची चाचणी मोफत होते. मात्र गल्फच्या नियमांत जुना वणही कित्येकदा अनफिट ठरवायला पुरतो. ज्याच्यापासून कुणालाच धोका नाही असा माणूस त्यामुळे घरी बसतो.

इथे एक बदल नोंदवण्यासारखा आहे. यूएईने २०१६ साली मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ठरवलं की तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाच्या व्हिसा नूतनीकरणात टीबी किंवा त्याचा वण आढळला, तर त्याला सरळ हाकलायचं नाही, अटी घालून फिटनेस द्यायची आणि उपचार करायचे. हा निर्णय माणुसकीचा आहेच, शिवाय शहाणपणाचाही आहे. कारण खोकला म्हणजे हकालपट्टी, असं एकदा कॅम्पमध्ये पसरलं की माणसं खोकला लपवतात, मेडिकल स्टोअरमधून सिरप आणून पितात, आणि टीबी मात्र खोलीभर पसरतो. उपचाराची खात्री असेल तर माणूस स्वतःहून दवाखान्यात जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनाही असाच न्याय मिळायला हवा, ही आमची मागणी आहे.

निकाल एजंटला कळतो, माणसाला नाही

आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस अनफिट ठरतो, पण कशामुळे, हे त्याला नीट कुणी सांगत नाही. “ब्लडमध्ये प्रॉब्लेम आहे” एवढं एजंटकडून कळतं. काही जण दुसऱ्या एजंटकडे जातात, काही जण पैसे देऊन ‘सेटिंग’ करायला बघतात. उपचाराला कुणी जात नाही, कारण आजार कुठला तेच माहीत नसतं.

मित्रांनो, हा सगळ्यात मोठा तोटा आहे. हिपॅटायटिस बीचंच घ्या. तुम्हाला काही त्रास नसेल, कदाचित लगेच औषधाचीही गरज नसेल. पण डॉक्टरकडे दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागते आणि घरात बायको-मुलांची तपासणी करून, ज्यांना तो नाही त्यांना लस द्यावी लागते. हा निकाल एजंटच्या फोनवर पडून राहिला तर घरातल्या माणसांना वाचवण्याची संधी गेली. हिपॅटायटिस सी तर आज बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. या दोन्हींसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे आणि औषधं मोफत आहेत. टीबीची औषधं मोफत, वर पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. एचआयव्हीची औषधं एआरटी सेंटरवर मोफत मिळतात. नियमाने घेतली तर माणूस काम करत, संसार करत वर्षानुवर्षं जगतो.

एचआयव्हीच्या बाबतीत भारतात कायदाही आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. चाचणीआधी तुमची समजून दिलेली संमती हवी, आधी आणि नंतर समुपदेशन हवं, आणि निकाल तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० च्या शिफारशीत, क्रमांक २००, स्पष्ट म्हटलंय की स्थलांतरित कामगारांवर एचआयव्ही चाचणीची सक्ती करू नये आणि त्यावरून त्यांना अडवू नये. गल्फ देश ते पाळत नाहीत. शिफारस ही शिफारसच असते, तिच्यामागे पोलीस नसतो. पण मागणी करायला ती आपल्या हातातलं चांगलं हत्यार आहे.

आणि पैशाचं काय? मेडिकलची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते. पहिल्यांदा अनफिट, मग पुन्हा तपासणी, मग सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून तिसऱ्यांदा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरतीच्या खर्चाची जी व्याख्या २०१९ साली प्रसिद्ध केली, तिच्यात वैद्यकीय तपासण्या आणि लसी यांचा खर्चही धरलाय, आणि हा खर्च कामगारावर टाकू नये असं तत्त्व सांगितलंय. सौदीच्या श्रम कायद्यातलं कलम ४० भरतीचा, इकाम्याचा आणि वर्क परमिटचा खर्च मालकावर टाकतं. तपासणी मालकाला आणि त्या देशाला हवी आहे, तर बिलही त्यांनीच भरावं. यात मेहेरबानी कसली?

सुट्टीतलं ‘फुल बॉडी’ पॅकेज

आता त्या ७२ टेस्टकडे वळू. इथे सक्ती नाही, आपण आपल्या हौसेने जातो. “तपासून घेतलं तर वाईट काय?” असं वाटतं. वाईट होऊ शकतं, आणि ते कसं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

रिपोर्टवर जे ‘नॉर्मल’ आकडे छापतात, ते बऱ्याच चाचण्यांत असे ठरवलेले असतात की निरोगी शंभर माणसांपैकी पंचाण्णव त्यात बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसं मुळातच बाहेर. आता एका माणसाच्या अशा वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तर किमान एक आकडा लाल येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. साठ-सत्तर चाचण्या केल्या तर लाल आकडा आला नाही तरच नवल. पॅकेजमध्ये टेस्टची संख्या जितकी मोठी, तितकी ती जाहिरातीला बरी आणि तुमच्या झोपेला वाईट. एका लाल आकड्यामागे सोनोग्राफी, सोनोग्राफीत एखादी बारीकशी गाठ, गाठीमागे सीटी स्कॅन, आणि सुट्टी संपायच्या आत अर्धवट सोडलेली फाईल.

दक्षिण कोरियात काय झालं ते बघा. तिथे निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी चेकअपमध्ये सर्रास होऊ लागली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झालं. एवढे रुग्ण सापडले, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते तसेच राहिले. म्हणजे जे सापडले त्यातले बहुतेक असे बारीक कॅन्सर होते की जन्मभर त्यांनी कुणाला त्रास दिला नसता. पण एकदा सापडल्यावर ऑपरेशन झालं, आणि मग आयुष्यभर रोज सकाळी गोळी.

सरसकट हेल्थ चेकअपवर आतापर्यंत झालेल्या चाचणी-अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये घेतला. अडीच लाखांवर माणसांची माहिती त्यात होती. निष्कर्ष असा की अशा चेकअपमुळे मृत्यूंच्या संख्येत जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते अभ्यास प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत झाले, जिथे माणूस एरवीही आपल्या डॉक्टरकडे जातो आणि त्याचं बीपी कुणी ना कुणी मोजतंच. आपल्या कॅम्पमधल्या माणसाचं बीपी पाच-पाच वर्षं कुणी मोजत नाही. म्हणून “तपासणी नकोच” असा अर्थ त्यातून काढू नका. मोजक्याच तपासण्या करा, आणि ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय त्याच करा.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली स्क्रीनिंगचे दहा निकष लिहिले, ते आजही वापरले जातात. त्यांचं सार आपल्या भाषेत असं: आजार गंभीर हवा, त्रास सुरू होण्याआधी तो सापडण्यासारखा हवा, चाचणी लोकांना सोसवेल अशी हवी, आणि सापडल्यावर उपचार असायला आणि मिळायलाही हवेत. ७२ टेस्टच्या यादीला हे निकष लावून बघा, यादी किती लहान होते ते.

मग काय तपासून घ्यायचं?

पहिलं, बीपी. जगभरात बीपी असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला ते आहे हेच ठाऊक नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि एक दिवस पक्षाघात. मोजायला दोन मिनिटं लागतात, औषध स्वस्त असतं. पण नीट मोजा. उन्हातून आल्या आल्या नको. पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-सिगरेट नको. एकदा जास्त आलं म्हणून घाबरू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४० / ९० किंवा त्याच्या वर येत राहिलं तर डॉक्टरकडे जा.

दुसरं, साखर. आपल्या लोकांत ती लवकर येते, सडपातळ माणसालाही येते. भारत सरकारच्या कार्यक्रमात तिशीपासून तपासणी आहे, गावच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

तिसरं, तोंड. तंबाखू, गुटखा, मशेरी, पान खाणाऱ्यांनी हे वाचून पान उलटू नये. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याने होते आणि तो नुसत्या बॅटरीच्या उजेडात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम भागात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर अशी तपासणी केली. २००५ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ना मशीन, ना सुई! दोन-तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा किंवा जखम असेल तर डॉक्टरला दाखवा.

चौथं, उन्हात काम करणाऱ्यांची किडनी. तापलेल्या साइटवर वर्षानुवर्षं पाणी कमी पडलं की किडनी दमते. नेपाळमध्ये गल्फहून परतलेले तरुण डायलिसिसवर दिसू लागले, हे तिथले डॉक्टर सांगत आलेत. सरसकट सगळ्यांनी नको, पण उन्हात राबणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासणं योग्य. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, नाहीतर नुसत्या तहानेनेही आकडा वाढलेला दिसतो. आणि अंगदुखीवर रोज पेनकिलर खात असाल तर डॉक्टरला आवर्जून सांगा, कारण त्या गोळ्या किडनीला मारक आहेत.

पाचवं, घरच्या बायकांसाठी आणि इथे घरकाम, नर्सिंग, सफाई करणाऱ्या भगिनींसाठी. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख महिलांसोबत काम केलं. शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सेविकांनी हातांनी केलेल्या स्तन तपासणीमुळे पन्नाशीवरच्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणून पैसे पाठवताना घरी फोनवर एवढंही सांगा की सरकारी दवाखान्यात ही तपासणी करून घ्या.

या यादीत एकही महागडी तपासणी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मोजलं तर नोकरी जाईल?

ही भीती आम्हाला माहीत आहे. “कंपनीच्या क्लिनिकमध्ये बीपी लिहिलं गेलं की फोरमन क्रेनवरून उतरवतो, ओव्हरटाइम बंद, पुढे एक्झिट.” म्हणून माणसं मोजतच नाहीत. आणि मग एखाद्या सकाळी खोलीतला एक जण उठतच नाही. कागदावर ‘हृदय बंद पडले’ एवढं लिहून पेटी गावी येते. ते हृदय का बंद पडलं, याचा तपास बहुतेक वेळा होत नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूने काही बोलतो, ते लक्षात ठेवा. सौदीत वर्षाला १२० दिवस आजारपणाची रजा आहे: पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस पाऊण पगार, शेवटचे ३० बिनपगारी. ही रजा वापरायची संधी न देता आजारपणाच्या कारणाने काढून टाकता येत नाही. यूएईत प्रोबेशन संपल्यावर ९० दिवस आहेत: १५ पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगारी, बाकी बिनपगारी. आरोग्य विमा सौदीत मालकाने काढायचा असतो, आणि यूएईत १ जानेवारी २०२५ पासून सगळ्या अमिरातींत खासगी कामगारांसाठी तो सक्तीचा झालाय. कतारच्या २०२१ च्या उष्णतेविषयीच्या निर्णयात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद ठेवण्याबरोबरच, कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने मोफत करून द्यावी असंही आहे. तुमच्या साइटवर ती होते का, हे विचारा. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर दहा जण मिळून विचारा.

कंपन्यांनाही आमचं सांगणं आहे. बीपीच्या गोळ्या घेणारा कामगार धोक्याचा नसतो. धोका असतो तो न मोजलेल्या, लपवलेल्या बीपीचा, विशेषतः उंचावर, मशीनवर, स्टिअरिंगवर. मोजल्यावर काम बदलून द्या, पगार तोच ठेवा आणि रिपोर्ट डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहू द्या. एवढं केलं की रांग आपोआप लागेल.

हात पुढे करण्याआधी

कुणीही रक्त घ्यायला आलं, मग ते मेडिकल सेंटर असो, कंपनीचं क्लिनिक असो की गावची लॅब, पाच प्रश्न विचारा. ही तपासणी कशासाठी आहे? पॉझिटिव्ह आली तर खात्रीची दुसरी चाचणी कुठली? आजार निघाला तर उपचार कुठे आणि कुणाच्या खर्चाने? रिपोर्ट कुणाकुणाला दिसणार? आणि माझी प्रत मला लेखी कधी मिळणार?

शेवटचा प्रश्न सोडू नका. फिट असो वा अनफिट, रिपोर्टची आणि एक्स-रेची प्रत घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढा, घरीही पाठवून ठेवा. आज फुप्फुसावर दिसलेला वण पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेतही तसाच होता, हे दाखवता आलं तर डॉक्टरला तो जुना म्हणायला आधार मिळतो. अनफिट ठरलात तर ‘सेटिंग’वाल्याला पैसे देऊ नका. खोटं सर्टिफिकेट तिथल्या तपासणीत उघडं पडलं तर कर्ज आणि आजार दोन्ही घेऊन परत यावं लागतं. त्याऐवजी कागद घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ वर मोफत आणि नाव न सांगता बोलता येतं.

आणि या शुक्रवारी एक काम करा. फार्मसीत किंवा क्लिनिकमध्ये जाऊन बीपी मोजून घ्या. एकटे जाऊ नका, रूम पार्टनरला सोबत न्या, खास करून जो म्हणतो, “मला काय धाड भरलीय?”